माकलीतला पांढरा धागा

रविवारी माहीमच्या बाजारातून अर्धा किलो माकली (स्क्विड) आणली. मावशी साफ करायला घेणार इतक्यात म्हटलं, "नको मावशी, अख्खीच द्या." बारावीला जीवशास्त्र शिकवते. वीस वर्षं फळ्यावर काढलेला अक्षतंतू, म्हणजे चेतापेशीचा निरोप वाहणारा लांब धागा, मला एकदा डोळ्यांनी बघायचा होता.

ओट्यावर माकलीच्या अंगाची नळी उभी चिरली. काचेसारखी पात ओढून काढली, शाईची पिशवी न फोडता आतलं सगळं बाजूला केलं. डोक्याकडच्या टोकाला दोन्ही अंगांना चांदणीसारखी एकेक गाठ दिसली. तिथून पांढुरके धागे मांसात पसरलेले, एक बाकीच्यांहून जाड. आपले अक्षतंतू मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाच्या आसपास. माकलीचा सर्वांत मोठा एक मिलिमीटरपर्यंत जाडा असू शकतो. संकट दिसताच सगळी नळी एकदम आवळून पळायचं, तर निरोप वेगाने पोचायला हवा आणि जाड तंतूत तो वेगाने जातो.

1939 मध्ये इंग्लंडमधल्या प्लिमथला हॉजकिन आणि हक्सली या शास्त्रज्ञांनी अशाच तंतूत बारीक इलेक्ट्रोड सरकवला. शांत असताना तंतूची आतली बाजू बाहेरच्या मानाने विद्युतदृष्ट्या ऋण होती. उद्दीपन दिल्यावर ती शून्यापर्यंत येईल असा तेव्हाचा समज. ती शून्य ओलांडून चक्क धन झाली! काही आठवड्यांत महायुद्ध सुरू झालं. या कोड्याचा पूर्ण उलगडा 1952 मध्ये छापून आला आणि 1963 मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

शांत तंतूच्या आतबाहेरच्या या विद्युत फरकाला 'विश्रांती विभव' म्हणतात. हे नाव मला कायम खटकतं. त्यात विश्रांती कसली? पेशीच्या पटलातला (पातळ आवरणातला) पंप प्रत्येक फेरीत 3 सोडियम बाहेर टाकतो, 2 पोटॅशियम आत घेतो आणि त्यासाठी सतत ऊर्जा खर्च करतो. आत साठलेलं पोटॅशियम उघड्या वाटांनी पाझरत राहतं, म्हणून आत सुमारे उणे 70 मिलिव्होल्ट. ही सगळी तयारी एका क्षणासाठी. उद्दीपनाने हा आकडा उणे 55 च्या आसपास आला की सोडियमची दारं उघडतात, आत शिरलेलं सोडियम आणखी दारं उघडतं. मिलिसेकंदभरात दारं मिटतात, पोटॅशियम बाहेर पडतं, सगळं जागेवर. उणे 55 गाठलंच नाही, तर निरोपाची ही विद्युत लहर पुढे जातच नाही.

"मॅडम, जोरात चिमटा काढला तर मोठी लहर जाते का?" दरवर्षी कोणीतरी विचारतंच. नाही रे बाळा, लहर तेवढीच. फक्त एकामागून एक भराभर येतात, आणि जास्त तंतू जागे होतात.

माकली परतताना कढईच्या काठाला बोट लागलं. हात आपसूक मागे आला, टोचल्यासारखी कळ लगेच गेली. खरी आग मागाहून. कळ पातळ आवरणाच्या तंतूंतून धावते. आग मात्र उघड्या, बारीक तंतूंतून सेकंदाला जेमतेम मीटरभर चालत येते. बोट नळाखाली धरलं आणि मनात 'एक' म्हणेपर्यंत ती येऊन पोचली.