प्रश्न विचारून निघून जाणारे

सोमवार, रात्री

सकाळी दूध तापत ठेवले होते, तेवढ्यात आमच्या निवृत्त शिक्षकांच्या ग्रुपवर ते चित्र पुन्हा आले. निळ्या पाटीवर 8÷2(2+2) आणि खाली लाल अक्षरांत, 'हुशार असाल तरच उत्तर द्या. 99% लोक चुकतात.' 2019 च्या पावसाळ्यात हे गणित जगभर फिरले होते. तेव्हापासून वर्षाकाठी एकदा तरी कोणीतरी ते आणून टाकतेच.

संध्याकाळपर्यंत त्यावर 61 मेसेज पडले होते. काहींचे 16, काहींचे 1. एका स्टाफरूममध्ये वर्षानुवर्षे शेजारी बसून डबा खाल्लेले दोघे सर दुपारी चारच्या सुमारास एकमेकांना 'इतकी वर्षे मुलांना काय शिकवलंत?' असे विचारायला लागले. मग एकाने ग्रुप सोडला. ते सर माझ्या मुलीच्या लग्नात पंगतीला वाढायला उभे होते.

मी 31 वर्षे गणित शिकवले. कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. कंचेभागुबेव. वर्ग एका सुरात म्हणायला लागला की खिडकीच्या काचा थरथरायच्या. पण या सूत्रासोबत आणखी एक गोष्ट सांगावी लागते आणि ती पुष्कळदा सांगायची राहून जाते. भागाकार आणि गुणाकार एकाच पायरीवरचे आहेत. डावीकडून येताना जो आधी भेटेल तो आधी करायचा. तसे केले की उत्तर 16. पण कंसाला चिकटून उभा असलेला 2 कंसाचाच मानला, बीजगणितात 2क्ष लिहिताना आपण मानतोच, तर उत्तर 1. आपल्या सूत्रातला 'चे', म्हणजे 'दहाचे निम्मे'मधल्यासारखा आधी करायचा गुणाकार, इथे लावायचा की नाही, भांडण नेमके तिथे आहे. दोघेही सर आपापल्या शिस्तीने बरोबर होते. चूक प्रश्नात आहे. आणखी एक कंस घातला असता तर वादाला जागाच उरली नसती.

प्रश्नपत्रिका काढताना आम्ही एकेक वाक्य तीन-तीनदा वाचायचो. एखाद्या प्रश्नाचे दोन अर्थ निघाले तर तो आमचा दोष, मुलांचा नाही. गुण सगळ्यांना द्यायचे आणि काढणाऱ्याने पुढच्या वेळी सावध राहायचे. इथे दोन अर्थ निघावेत म्हणूनच प्रश्न काढला आहे. आणि 99% कोणाच्या मोजणीतून आले? किती जणांना विचारले, कधी विचारले? सहावीतल्या मुलीने वहीत असा आकडा लिहिला असता तर मी 'कशावरून?' असे लिहून वही परत केली असती.

मी ग्रुपवर दोन्ही रीती नीट मांडल्या. कोणी वाचल्या असतील असे वाटत नाही. ज्याने चित्र टाकले त्याने दिवसभरात एक अक्षरही लिहिले नाही.

मंगळवार

आमच्या धुळ्यातल्या एकवीरा देवीला जाऊन आले. पांझरा नदीत पाणी बेताचेच आहे. ओटी भरली, पाच मिनिटे शांत बसले, मन हलके झाले.

घरी येऊन फोन पाहते तर देवीचा फोटो आणि वर लिहिलेले, 'पाच सेकंदांत जय माता दी लिहा, दुर्लक्ष कराल तर दुःखद बातमी येईल.' मी लगेच तो मेसेज पुसला. हात मात्र क्षणभर अडखळला, आणि त्याचाच राग जास्त आला. जिच्या पायाशी मी तासाभरापूर्वी डोके टेकले, तिच्या नावाने मला कोणीतरी धमकी देत होते.

बुधवार, दुपारी

आज मनाला लागले ते लिहून काढते.

काल रात्री एक रील समोर आली. 'अस्सल खान्देशी भरीत, फक्त 5 मिनिटांत.' बाई चांगल्या नीटनेटक्या. त्यांनी जांभळी वांगी कुकरला लावली. शिट्ट्या झाल्यावर मिक्सरमध्ये घातली. त्यात दोन टोमॅटो, चमचाभर हळद आणि वर साखर. शेवटी कॅमेऱ्याकडे बघून हसून विचारले, 'आमच्या खान्देशात असंच करतात, तुमच्याकडे कसं करतात?'

मला राहवले नाही. माझे माहेर यावल तालुक्यातले. थंडी पडली की शेतात भरिताच्या पंगती होतात, त्या मी लहानपणापासून पाहत आले. जळगावच्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन आहे, ते कोणाच्या तरी कित्येक पिढ्यांच्या मेहनतीचे आहे. रात्री साडेदहाला चष्मा लावून मी लिहायला बसले. वांगी हिरवट-पांढरी, मोठी, कमी बियांची घ्यायची. कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांवर भाजायची, साल काळी पडून सुटेपर्यंत. देठ धरून गरम असतानाच सोलायची. बडगीत, म्हणजे ठेचायच्या लाकडी भांड्यात, आधी हिरव्या मिरच्या आणि लसूण ठेचायचा, मग वांगी. गर एकजीव झाला पाहिजे पण त्याचे धागे दिसले पाहिजेत. मिक्सरमध्ये त्याची खळ होते. तेलात शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, कांद्याची पात, कोथिंबीर. हळद नाही, टोमॅटो नाही. सोबत कळण्याची भाकरी. आजी बडगीत ठेचताना ताल धरायची, तेही लिहिले. टाइप करायला मला 40 मिनिटे लागली. कोणालाही टाकून बोलले नाही. त्या बाईंना माहीत नसेल, सांगितले तर पुढच्या वेळी नीट करतील, इतकेच मनात होते.

सकाळी पाहिले तर खाली चार हजारांवर कमेंट होत्या. शिव्या, खान्देश विरुद्ध पुणे, 'टोमॅटो घालणाऱ्याला शेतात उलटे टांगा', आणि त्या सगळ्यात माझे भरीत बुडालेले. बाईंनी एकालाही उत्तर दिलेले नव्हते. त्यांच्या पानावर गेले. आदल्या आठवड्यात साबुदाण्याच्या खिचडीत हळद घातलेली. त्याआधी पुरणपोळीत पुरणाऐवजी बटाटा. प्रत्येकाच्या शेवटी तेच हसू आणि तोच प्रश्न, 'तुमच्याकडे कसं करतात?'

गुरुवार

भाच्याला फोन केला. तो नाशिकला दुकानांची पेजेस सांभाळतो. सगळे ऐकून म्हणाला, "मावशी, तो टोमॅटो मुद्दाम घातला होता."

मी काहीच बोलले नाही, तेव्हा त्याने समजावून सांगितले. बरोबर पाककृतीला लोक लाईक देऊन पुढे जातात. चुकीची दिसली की थांबतात, लिहितात, बहिणीला टॅग करतात, उत्तराला उत्तर देतात. आपण शिवी घातली की प्रेमाने शिकवले, हे रील दाखवणारे यंत्र बघत नाही. कमेंट आली एवढेच मोजते, आणि रील आणखी हजारोंना दाखवते. "तुझा निबंध तिला फार उपयोगी पडला असणार. मोठी कमेंट वाचायला लोक रीलवरच थांबून राहतात, रील मागे चालूच असते."

कंपन्यांना हे कळत नाही असेही नाही. फेसबुकने डिसेंबर 2017 मध्ये स्वतःच यादी केली होती: लाईक मागणारे, शेअर मागणारे, टॅग करायला लावणारे, कमेंट उकळणारे, मत द्यायला लावणारे. अशा पोस्ट आम्ही खाली ढकलू म्हणाले. आणि पुढच्याच महिन्यात, लोकांमधले बोलणे वाढावे म्हणून, ज्यावर जास्त बोलणे होते ते वर आणायचे ठरवले. त्याच 2017 पासून प्रेमाचा, हसण्याचा, रागाचा असा कुठलाही चेहरा दाबला की त्याला साध्या लाईकच्या पाचपट वजन होते. कंपनीचे आतले कागद बाहेर आले तेव्हा हे 2021 मध्ये छापून आले. रागाचे वजन 2020 मध्ये शून्यावर आणले. सुरुवातीला मात्र 1 संताप = 5 पसंती हे समीकरण चालू होते. मी ते वहीच्या कोपऱ्यात लिहून ठेवले आहे. ऑक्सफर्डच्या शब्दकोशाने 2025 चा शब्द म्हणून 'रेज बेट', म्हणजे संतापाचे आमिष, निवडला, हेही भाच्याकडूनच कळले. गळाला गांडूळ लावतात तसा आपला संताप लावायचा.

मी विचारले, "तूही करतोस का रे हे?"

जरा वेळाने म्हणाला, "एक-दोनदा केलं. दुकानदार महिन्याच्या शेवटी आकडे मागतो, मावशी."

मी त्याला रागावले नाही. पण फोन ठेवल्यावर बराच वेळ नुसती बसून राहिले. वर्गात मी प्रश्न विचारायचे तेव्हा शेवटच्या बाकावरचे पोर उठून चाचरत काहीतरी सांगेपर्यंत वाट बघायचे. उत्तर चुकले तरी ऐकून घ्यायचे. विचारणाऱ्याने ऐकायला थांबावे, एवढ्या एका विश्वासावर ते पोर उठून उभे राहते. माझे 40 मिनिटांचे लिहिणे वाया गेले याचे दुःख नाही. मला सांगता येते, मी सांगावे, असे वाटण्याच्या त्या उमाळ्यालाच कोणी गळ टाकून बसले आहे, हे सहन होत नाही.

शुक्रवार

समोरच्या वहिनी संध्याकाळी आल्या. त्यांनी फोनवर एका आजींचा फोटो दाखवला. पुढ्यात केक, डोळ्यांत पाणी, 'आज मी 100 वर्षांची झाले, कोणीच शुभेच्छा दिल्या नाहीत.' वहिनींनी 'आजी, नमस्कार करते, आशीर्वाद असू द्या' असे लिहिले होते. मी फोटो मोठा करून बघितला. केकवर ठेवलेल्या हाताला सहा बोटे. मेणबत्तीची ज्योत वातीला लागलेलीच नव्हती. यंत्राने काढलेले चित्र, आजी कुठेच नाहीत.

सांगू की नको असे झाले. सांगितले. वहिनी गप्प झाल्या, मग म्हणाल्या, "मग मी नमस्कार कोणाला केला?" त्यांच्या सासूबाई गेल्या वर्षी गेल्या.

शनिवार

मंगळवारची ती धमकी डोक्यातून जात नव्हती, कारण ती मी आधी पाहिली आहे. मी चौथीत असेन. आमच्याकडे एक पोस्टकार्ड आले होते. अक्षर गिचमिड, पाठवणाऱ्याचे नाव नाही. देवीचा महिमा आणि खाली, अशी 21 कार्डे लिहून पाठवा. अमक्याने पाठवली त्याला हंडा सापडला, तमक्याने फाडले त्याचा मुलगा दगावला. नेमका तेव्हा माझा धाकटा भाऊ विषमज्वराने अंथरुणाला खिळलेला होता. आईने 21 कार्डे आणवली. 15 पैशांचे एक, म्हणजे 3 रुपये 15 पैसे. दोन रात्री कंदिलाच्या उजेडात ती लिहीत होती, मध्येच उठून भावाच्या कपाळावरची घडी बदलत होती. भाऊ औषधाने बरा झाला. ती 21 कार्डे कोणाकोणाच्या घरात काय भीती घेऊन गेली असतील, हे मला फार उशिरा सुचले. त्या पत्र लिहिणाऱ्याला निदान आईचे हात दुखवावे लागले. आता एक बोट पुरते.

आणि भीतीचे ते बोट काय करते हे आमच्या धुळे जिल्ह्याने बघितले आहे. 1 जुलै 2018, रविवार, साक्री तालुक्यातले राईनपाडा, आठवडे बाजाराचा दिवस. मुले पळवणारी टोळी फिरते आहे असे मेसेज लोकांच्या फोनवर आधीपासून फिरत होते. भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवता येईल असे बंधन घातले. ज्यांनी 'आपली मुले सांभाळा, सगळ्यांना पाठवा' म्हणून ते मेसेज पुढे ढकलले, त्यात माझ्यासारख्या आयाही असतील, काळजीपोटी पाठवणाऱ्या. त्या दिवसापासून 'सगळ्यांना पाठवा' हे शब्द दिसले की माझ्या पोटात कालवते. भरितातला टोमॅटो आणि राईनपाडा एका मापाने मोजायचे नाहीत, ते मला कळते. पण दोन्हीकडे हात घातला आहे तो माणसाच्या चांगुलपणातच.

रविवार, रात्री

सकाळी त्या रीलखालची माझी कमेंट पुसायला गेले. तिच्याखाली एक उत्तर आले होते, गुरुवारचे. एका मुलीने लिहिले होते, 'काकू, मी जर्मनीत असते. माझी आजी अशीच बडगीत करायची. इथे गॅस नाही, इलेक्ट्रिक शेगडी आहे. त्यावर वांगं कसं भाजू? आणि बडगीऐवजी काय वापरू?'

पहिला विचार आला तो असा, की ही तरी खरी आहे का? तिचे नाव, तिचा फोटो, बोटे, सगळे निरखून पाहिले. एका पोरीने आजीच्या आठवणीने विचारले आणि मी तिची झडती घेत होते. आठवड्याभरात मला एवढे शिकवले या लोकांनी. दुपारभर उत्तर दिले नाही.

जेवणे झाल्यावर लिहिले. तिथे नाही, तिच्या इनबॉक्समध्ये, म्हणजे त्या बाईंच्या हिशेबात जायला नको. वांग्याला सुरीने पाच-सहा ठिकाणी टोचून घे, नाहीतर फुटते. तेलाचा हात लाव. ओव्हन असेल तर वरच्या जाळीवर, भरपूर आचेवर, दर दहा मिनिटांनी फिरवून, साल काळी पडून गर लिबलिबीत होईपर्यंत ठेव. काढल्यावर झाकून ठेव, साल आपोआप सुटते. धुराचा वास येणार नाही, ते तू धरूनच चाल. बडगीऐवजी जाड बुडाचे पातेले आणि लाकडी दांड्याचे काहीही चालेल, मिक्सर नको. मिरच्या शेगडीवर तव्यात डाग पडेपर्यंत भाज. आजीचे भरीत तिखट असायचे का बेताचे?

पाच मिनिटांत उत्तर आले. 'खूप तिखट. आजोबा डोळे पुसत जेवायचे.'

मी विचारले, तिकडे वांगी कुठल्या रंगाची मिळतात, आणि केवढी? तिने लिहिले, आज रविवार, इथे दुकानं बंद असतात काकू, उद्या बघून फोटो पाठवते. तिकडे अजून संध्याकाळ असेल. साडेदहा वाजत आले आहेत, चष्मा अजून काढलेला नाही.