थोरल्याची पट्टी

दुपारी जेवण झाल्यावर आडवं पडून फोनवर गाणी शोधायची सवय वाईटच. शोधायला जावं एक, हाती लागतं भलतंच. परवा एका जुन्या तबकडीचं वेष्टन समोर आलं आणि मी उठूनच बसले. पांढऱ्या सुटातले दोन भाऊ, पंगतीत आग्रह करणाऱ्या यजमानासारखे हात पसरून उभे. आजूबाजूला जाळ. मागे बारा फुटी लाल सैतान, दात पुढे आलेले, डोळे तिरळे. भीती वाटायची सोडून त्याची कीव येते.

हे लूव्हिन बंधू, इरा आणि चार्ली. अमेरिकेतल्या कंट्री संगीतातली जोडी. तबकडी १९५९ ची, नाव ‘सेटन इज रिअल’. सैतान खरा आहे असं ठासून सांगायचं, पण फोटोतला सैतान प्लायवूडचा, आणि तो केलाय खुद्द इराने! एका दगडाच्या खाणीत नेऊन उभा केला, रॉकेलमध्ये भिजवलेले टायर पेटवले, आणि पाऊस भुरभुरायला लागला. होळीला टायर जाळणारी पोरं ज्यांच्या गल्लीत होती, त्यांना आधी त्या पांढऱ्या सुटांचीच काळजी वाटेल.

वेष्टन पाहून थांबले होते, गाण्यांनी बसवून ठेवलं.

अलाबामात सँड माउंटन नावाचं पठार आहे, तिथल्या कापूस पिकवणाऱ्या घरातली ही मुलं. खरं आडनाव लाउडरमिल्क. ते लोकांच्या जिभेला झेपेना म्हणून लूव्हिन झालं. आईच्या माहेरची माणसं चर्चमध्ये गाणारी, ते कानावर पडत होतं. पुढे रेडिओ, मग पोटासाठी मेम्फिसच्या टपाल कचेरीत नोकरी, १९५५ साली एकदाचा नॅशव्हिलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या कंट्री संगीताच्या नावाजलेल्या रेडिओ कार्यक्रमात प्रवेश आणि पुढच्याच वर्षी एक गाणं पहिल्या नंबरावर. एवढं सगळं झालं, पण मला त्यातलं एकच सांगायचंय. चार्लीचा आवाज खालचा, इराचा उंच. चाल चार्लीच्या आवाक्याबाहेर चढायला लागली की ती इरा उचलतो आणि चार्ली त्याच्याखाली सरकून दुसरा सूर धरतो. मान हलवणं नाही, डोळ्यांची खूण नाही. मी पुन्हा पुन्हा लावून पाहिलं. सांधा सापडत नाही.

सांधा शोधता शोधता मी आजोळच्या गच्चीवर पोचले. मे महिना, उडदाचे पापड. आम्हा पोरांचं काम लाट्या मोजायचं, म्हणजे खरं तर डांगर पळवायचं. आई आणि थोरली मावशी समोरासमोर पोळपाट मांडून बसलेल्या. त्या वर्षी दोघींचा अबोला होता, आजीच्या पाटल्यांवरून. “तेल सरकव म्हणावं” असे निरोप आमच्यामार्फत जायचे, अंतर जेमतेम हातभर. पण एकीने भावगीत सुरू केलं की दुसरी लाटता लाटता त्यात यायचीच. अंतऱ्याला आईचा आवाज पुरायचा नाही. ती थांबायच्या आत मावशीने वरची ओळ घेतलेली असायची. गाणं संपलं की पुन्हा निरोप सुरू. आजी काही बोलायची नाही, फक्त आणखी लाट्या पुढे ढकलायची. पाटल्यांचं पुढे काय झालं, मला आजतागायत कुणी सांगितलेलं नाही.

इराचं प्रकरण मात्र अबोल्यावर भागण्यातलं नव्हतं. तो पिणारा आणि भयंकर तापट. मेंडोलिन सुरात लागेना तर स्टेजवरच आपटून फोडायचा. त्याच सैतानाच्या तबकडीवर दारूने झालेल्या सत्यानाशाचंही गाणं आहे, आणि ते तो जीव ओतून गातो. १९६३ मध्ये चार्ली वेगळा झाला. दोन वर्षांनी, जून १९६५ मध्ये, मिसुरीत इराच्या गाडीला समोरून येणाऱ्या गाडीने ठोकलं. तो आणि त्याची बायको दोघंही गेली. पिऊन गाडी चालवत होता तो दुसराच माणूस. यावर काय बोलायचं, मला कळत नाही.

चार्ली २०११ पर्यंत जगला आणि गात राहिला. दोघं कायम एकाच माइकवर गात आलेले. उजवीकडे आता कुणी उभं नाही हे माहीत असूनही दोन आवाजांची जागा आली की आपण डावीकडे सरकतो, असं तो म्हातारपणी सांगायचा.

आईला संध्याकाळी त्यांचं एक गाणं ऐकवलं. शब्द कळायचा प्रश्नच नव्हता. डोळे मिटून ऐकलंन, मग विचारलंन, “यातला थोरला कोण, तो वरचा ना?”

हो म्हटलं.

“वाटलंच,” म्हणाली आणि चहा टाकायला उठली.