पट्टी सरळ कापली होती

मंगळवार, रात्रीचे साडेदहा.

हाताचा डिझेलचा वास जात नाहीये, दोनदा साबण लावून झाला. आज तीन गाड्या पाहिल्या, दोन निघाल्या, एक थांबवली. त्या थांबवलेल्या गाडीचं लिहून ठेवायचं आहे, नाहीतर झोप लागणार नाही.

माझ्या कामाबद्दल नातेवाइकांना अजून नीट समजलेलं नाही, सगळ्यांना वाटतं मी आरटीओत आहे. तसं नाही. जुन्या गाडीवर कोणी लोन मागितलं, किंवा विम्याची तारीख निघून गेली आणि आता परत काढायचा आहे, तर फायनान्सवाले नाहीतर विमावाले आधी एक माणूस पाठवतात की बाबा जा, गाडी खरंच आहे का, नंबर कागदाशी जुळतो का आणि खालून धड आहे का ते बघून ये. तो माणूस मी. यवतमाळ जिल्ह्यातला वणी, मारेगाव, झरी, पांढरकवडा एवढा पट्टा माझ्याकडे, सगळा बाईकवर. गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा म्हणजे चेसिस, म्हणून गावागावात मला चेसिसवाले भाऊ म्हणतात, नाव फार कोणाला माहीत नाही.

बॅगेत वायर ब्रश, पेन्सिल, सेलोटेप, टॉर्च, छोटी हातोडी, खडू, डिझेलची बाटली, मेजर टेप आणि ओळंबा. आणि एक जुनी ताडपत्री, खाली आडवं व्हायला. ओळंबा पाहून लोक विचारतात घर बांधायला आले का. चेसिसच्या दोन्ही बाजूच्या सारख्या जागांवरून ओळंबा सोडायचा, जमिनीवर खडूची खूण करायची, गाडी बाजूला घ्यायची आणि खुणांचे आडवे कर्ण मोजायचे. दोन्ही कर्ण सारखे आले तर चेसिस सरळ, फरक आला तर कुठेतरी मार खाल्लेला आहे, मालक काही म्हणो.

सकाळची पहिली गाडी ट्रॅक्टर होता, मारेगावच्या अलीकडे, वीस मिनिटात काम झालं. दुसरी पिकअप. तिचा नंबर चिखलात होता, वायर ब्रशने घासून डिझेलच्या फडक्याने पुसला, वर पेन्सिल फिरवली, सेलोटेप चिकटवून ओढला आणि फॉर्मवर लावला. हा ट्रेस घेताना मला दर वेळी बरं वाटतं, फोटोत न दिसणारी गोष्ट ट्रेसमध्ये दिसते. चेसिस नंबर सतरा अक्षरांचा असतो आणि त्यात इंग्रजीतला आय, ओ आणि क्यू कधीच नसतात, कारण ते एक आणि शून्यासारखे दिसतात. मागच्या वर्षी एका गाडीच्या ट्रेसमध्ये शून्य बाकीच्या आकड्यांपेक्षा गोल आणि रुंद आलं होतं, कोणीतरी ग्राइंडर मारून ओ चा पंच ठोकला होता. घासलं म्हणजे नंबर गेला असं करणाऱ्याला वाटतं, पण पंचाच्या माराने खालचं लोखंड दबलेलं असतं आणि फॉरेन्सिकवाले अॅसिड लावून जुना आकडा पुष्कळदा वर आणतात. ती गाडी ज्या गरीब माणसाने रोख पैसे देऊन घेतली होती त्याचा चेहरा मला अजून आठवतो. असो, आजची पिकअप चांगली होती.

तिसऱ्या गाडीला दुपार झाली. सहा चाकी ट्रक, २०११ चं मॉडेल, घरासमोर कडुनिंबाखाली उभा. मालक स्वतःच चालवतात, साठीच्या आसपासचे काका. कापसाचा सीझन सुरू झाला आहे, वेचणी जोरात आहे, जिनिंगला गाड्यांची लाईन लागते, त्याआधी टायर बदलायचे आणि इंजिनचं काम करायचं म्हणून गाडीवर लोन मागितलं होतं.

गाडीची चेसिस काळ्या रंगाने नवी कोरी रंगवलेली. काका म्हणाले, "तुमी येनार म्हनून कालच रंगवली भाऊ. पोयाले बैलाले रंगवते का नाई, तसं." त्यांच्या मनात लपवाछपवी नव्हती हे मला तेव्हाच कळलं. पण ताजा रंग दिसला की मी ताडपत्री आधी काढतो. रंग नवा असला की खालचा गंज दिसत नाही. एरवी रिबिट, म्हणजे जोड पक्का धरणारी लोखंडी खिळी, ढिला झाला की त्याच्याभोवती लालसर चूर्ण जमतं, तडा असला की त्यातून तांबडी रेघ खाली ओघळते, गाडी स्वतःच सांगत असते. कालच्या रंगाने ते सगळं झाकून टाकलं होतं.

मग हातोडी. समोरून सुरू केलं, क्रॉस मेंबरचे, म्हणजे चेसिसच्या दोन बाजू जोडणाऱ्या आडव्या तुकड्यांचे, रिबिट एकेक ठोकत गेलो, घट्ट रिबिट टण्णकन वाजतो, ढिला असला की आवाज बसका येतो आणि बोटाला थरथर लागते. सगळे चांगले होते. मागच्या पाट्यांच्या (स्प्रिंगच्या) समोरच्या ब्रॅकेटपाशी आलो तर ड्रायव्हर साइडला मजबुतीसाठी लोखंडी पट्टी मारलेली दिसली. हातभर लांब, खालच्या कडेवरून वळवून उभ्या भागावर चढवलेली, चारी बाजूने वेल्डिंग, आणि वेल्डिंग सुंदर, एका ओळीत, माशाच्या खवल्यांसारखं. पट्टीचं टोक मात्र काटकोनात सरळ कापलेलं.

काकांना विचारून त्या टोकाजवळचा हातभर रंग वायर ब्रशने काढला. डिझेल लावलं, दहा मिनिटं थांबलो, कोरड्या फडक्याने पुसून घेतलं आणि खडू घासला. मग काकांना गाडी सुरू करून थोडी पुढेमागे करायला लावली आणि परत खाली गेलो. तड्यात मुरलेलं डिझेल वर येऊन खडूच्या पांढऱ्यावर काळी रेघ उमटली होती. खालच्या कडेपासून वर, जवळजवळ दोन बोटं, बरोबर पट्टी जिथे संपते तिथून. वेल्डिंगमध्ये नाही, वेल्डिंगला खेटून, बाजूच्या लोखंडात.

हे असं का होतं ते लिहून ठेवतो, कारण मला समजायलाच इतकी वर्षं लागली. ट्रकची चेसिस म्हणजे दोन लांब मेंबर, आडव्या यू सारखे, वरची कड, खालची कड आणि मधला उभा भाग. पुढची आणि मागची चाकं यांच्या मध्ये भार पडला की वरची कड दाबली जाते आणि खालची ताणली जाते, तडा बहुतेक ताणलेल्या कडेवरच सुरू होतो. आपण त्यावर जाड पट्टी मारली की तेवढा तुकडा कडक होतो, वाकतच नाही, पण चेसिसने थोडं वाकणं हे तिचं कामच आहे. मग सगळं वाकणं पट्टी संपते त्या एका रेघेवर येऊन पडतं, आणि टोक सरळ कापून आडवं वेल्डिंग केलं तर त्याच रेघेवर लोखंड तापून कमजोर पण झालेलं असतं. म्हणून पट्टीचं टोक तिरपं कापतात, ४५ अंशाच्या आसपास, म्हणजे कडकपणा हळूहळू संपावा, आणि कडेवर आडवं वेल्डिंग करतच नाहीत. जमेल तिथे उभ्या भागाला बोल्ट.

मी विचारलं, "काका, ही पट्टी कधी मारली?"

"लय दिस झाले. सोळा का सतरा साल असन. वनीले मारली." मग माझ्याकडे नीट पाहून म्हणाले, "तुमी त होते न तवा तिथं? एक बारीक पोट्टा गॅस कटर घेऊन बसे खाली. तुमीच न ते?"

मीच तो. आयटीआय झाल्यावर २०१५ ते २०१८ मी त्याच गॅरेजमध्ये हेल्पर होतो. पट्ट्या कापायचं काम माझ्याकडे असायचं, मिस्त्री वेल्डिंग करायचे. मी गुण्या लावून एकदम काटकोनात कापायचो, धार स्वच्छ यायची, मिस्त्री म्हणायचे पोट्ट्याचा हात चांगला आहे. ही पट्टी मी कापली का दुसऱ्या कोणी ते मला शपथेवर सांगता येणार नाही, पण बहुतेक मीच. ताडपत्रीवर पडल्या पडल्या मी ते टोक किती वेळ पाहत राहिलो काय माहीत, काकांनी वरून आवाज दिला तेव्हा बाहेर आलो.

सांगितलं की काका, रिपोर्ट चांगला नाही देऊ शकत.

"काहून? वरून त काईच दिसत नाई."

मी म्हटलं खाली चला. या वयात माणसाला गाडीखाली झोपवणं बरं वाटलं नाही पण कागदावर लिहून दिलेलं आणि बोटाला लागलेलं यात फरक आहे. ताडपत्री सरकवली, टॉर्च धरला, त्यांचं नख त्या रेघेवरून फिरवलं. नख अडकलं. दुसऱ्यांदा त्यांनी स्वतःच फिरवून पाहिलं. मग तसेच पडून राहिले आणि हळूच म्हणाले, "अन मी त परवा याच्यावर गिट्टी आनली न बा. पोरगा बी संगं होता."

आम्ही बाहेर येऊन बाजेवर बसलो, काकूंनी चहा आणला. ज्या घराचं काम अडवलं त्याच घरचा चहा प्यायचा, हे मला इतक्या वर्षात जमलेलं नाही, पण नाही म्हटलं तर त्यांना आणखी वाईट वाटलं असतं. मुलाचा फोन आला, म्हणाला काहीतरी करा न भाऊ, तुमचं जे असेल ते पाहून घेऊ. मी त्याला एवढंच सांगितलं की तुझे बाबा ज्या बाजूला बसतात त्याच बाजूला मागे हा तडा आहे. त्याने फोन बाबांना द्या म्हटलं.

काका म्हणत होते की कापूस हलका माल आहे, कापसाने काय होते. खरं आहे, कापूस दिसायला डोंगर आणि वजनाला कमी. पण सोयाबीन, तूर, गिट्टी, रेती हेही याच गाडीने नेलं आहे. २०१८ मध्ये दोन एक्सलच्या ट्रकचं एकूण वजन १६.२ टनावरून १८.५ टन केलं, तेव्हापासून जुन्या गाड्यांचे मालकही तोच हिशोब धरतात आणि वरून आणखी भरतात. २०११ ला बनलेल्या गाडीचं लोखंड होतं तेवढंच आहे न, उलट गंजून कमी झालं. हे मी काकांना रागावून नाही सांगितलं, भाडं देणारा जेवढं म्हणेल तेवढं भरल्याशिवाय ट्रिप मिळत नाही हे मला माहीत आहे.

कागदावर काय करायचं ते काढून दिलं. आजपासून भरती बंद, फक्त रिकामी गाडी दुरुस्तीला न्यायची. जुनी पट्टी पूर्ण काढायची. तडा जिथे संपतो तिथे आधी छिद्र पाडायचं म्हणजे तो पुढे पळत नाही, मग व्ही सारखी खाच करून भरायचं, ग्राइंड करून सपाट करायचं, आणि नवी पट्टी लांब घेऊन दोन्ही टोकं तिरपी. वेल्डिंगच्या आधी बॅटरीची वायर काढायची. झालं की मला फोन करायचा, मी लगेच येतो, दुसऱ्या फेरीचे पैसे लावणार नाही. काकांनी कागदाची घडी करून बंडीच्या खिशात ठेवली, "चार दिवस त जाईनच," एवढंच म्हणाले. सीझनमधले चार दिवस किती महागाचे असतात ते मी शेतकऱ्याच्याच घरचा असल्याने मला सांगायची गरज नाही.

घरी न येता सरळ वणीला गॅरेजवर गेलो. मिस्त्री आता वेल्डिंग स्वतः कमी करतात, डोळ्यांनी साथ सोडली आहे, आयुष्यभर काच न धरता टाके मारले. मोबाईलवर फोटो मोठा करून दाखवला.

"वेल्डिंग त मस्त हाय," म्हणाले.

"हो मिस्त्री, वेल्डिंगले काहीच झालं नाही. तडा बाजूले गेला, टोकापासून."

खडूने फरशीवर चित्र काढून सांगितलं, कड, पट्टी, ताण कुठे येतो. मला भीती होती की त्यांना वाटेल पोरगं शिकवायला आलं. ते काहीच बोलले नाहीत, बराच वेळ चित्र पाहत राहिले. मग कोपऱ्यातून एक कापलेली पट्टी उचलून आणली, उद्याच्या गाडीसाठी तयार होती, टोक सरळ. माझ्या हातातला खडू घेतला आणि तिच्यावर तिरपी रेघ मारली. "एवढी?" मी म्हटलं आणखी थोडी आडवी घ्या. पुसून परत मारली.

मग म्हणाले, "अशा किती मारल्या असन आपन?"

गॅरेजमध्ये रजिस्टर कधीच नव्हतं. पण मिस्त्रींना गाड्या माणसांसारख्या आठवतात, कोणाची, कोणत्या रंगाची, कोणत्या साली आली. कॅलेंडरचं जुनं पान फाडलं आणि मागे लिहायला बसलो, ते सांगत गेले, मी लिहीत गेलो, मध्येच हेल्पर पोरालाही एक आठवली. माझ्या तीन वर्षांतल्या अकरा गाड्या निघाल्या. दोन भंगारात गेल्या, एक आदिलाबादकडे विकली. आठ अजून चालू आहेत, त्यातल्या तीन कोळशाच्या वाहतुकीवर.

आठपैकी पाच मालकांचे नंबर मिस्त्रींकडे होते, तिघांशी आत्ताच बोललो. एकाने ऐकून घेतलं, एकाने विचारलं याचे किती घेणार, एक म्हणाला पाहू. झरीवाल्याचा फोन लागत नाहीये आणि त्याची गाडी सकाळी सहाला कोळशाला निघते असं मिस्त्री म्हणाले. बाईकमध्ये पेट्रोल भरून ठेवलं आहे, चारचा अलार्म लावला.