तुम्ही विचारलंत म्हणून: पहिलं महागडं घड्याळ

"मॅडम, हे कितीला घेतलं?" हा पहिला प्रश्न. मग जरा इकडचं तिकडचं बोलून झालं की खरा प्रश्न येतो, "मला पण एक चांगलं घ्यायचंय, पहिलंच आहे, कुठलं घेऊ?" माझ्याकडं आर्टिकलशिप (सीएची उमेदवारी) करून गेलेली पोरं सीए होतात, पुण्या-मुंबईत नोकरीला लागतात आणि पहिला मोठा बोनस हातात पडला की हमखास फोन करतात, रोलेक्स घेऊ का ओमेगा, का थांबू अजून. प्रत्येकाला वेगळं सांगत बसायचा कंटाळा आला म्हणून एकदाच लिहून टाकते. मी काही घड्याळांची जाणकार नाही, कोल्हापुरात प्रॅक्टिस करते, स्वतःच्या पैशानं एकच महागडं घड्याळ घेतलंय. पण ते एक घ्यायला अडीच वर्षं लावली आणि तेवढ्यात बऱ्याच दुकानदारांचं डोकं खाल्लं.

सुरुवात सासऱ्यांच्या घड्याळापासून झाली. फावर ल्यूबाचं किल्लीचं सी किंग, रोज सकाळी चहाच्या आधी किल्ली द्यायची, तीस-पस्तीस वर्षं हा नेम. (ही स्विस कंपनी १८६५ सालापासून मुंबईत धंदा करत होती, त्यामुळं आपल्याकडच्या कितीतरी आजोबांच्या हातात हीच घड्याळं. २०११ ला टायटननं कंपनीच विकत घेतली.) तर हे घड्याळ एकदम दिवसाला दहा-पंधरा मिनिटं पुढं पळायला लागलं. अण्णा, म्हणजे सासरे, म्हणाले संपलं आता ते, ठेवून द्या. मी लक्ष्मीपुरीतल्या एका घड्याळवाल्या काकांकडं नेलं. त्यांनी उघडलंच नाही, ड्रॉवरमधून बारकंसं होकायंत्र काढलं, घड्याळ त्याच्याजवळ नेलं, आणि होकायंत्राची सुई नाचायला लागली. "रात्री कुठं ठेवता?" मी आठवायला लागले, तर नातवाच्या ब्लूटूथ स्पीकरवर! झालं होतं असं की आतली केसासारखी बारीक स्प्रिंग लोहचुंबकानं भारली गेली होती, वेटोळी एकमेकांना चिकटत होती, मग स्प्रिंग जणू आखूड झाल्यासारखी वागते आणि घड्याळ पळतं. काकांनी एका निळ्या डबीवर घड्याळ धरलं, बटण दाबलं, हळूच वर उचललं, बस. पन्नास रुपये. त्या दिवशी मला कळलं की ह्या वस्तूत काहीतरी आहे, आणि आपल्याला पण असलं एक पाहिजे जे बिघडलं तर कुणीतरी माणूस बसून बरं करू शकेल.

आता दुकानातला अनुभव सांगते, विशेषतः पोरींसाठी. पुण्यात एका मोठ्या शोरूममध्ये गेलो, मी आणि नवरा. मी म्हणलं ऑटोमॅटिक दाखवा, म्हणजे बॅटरी नसलेलं, हाताच्या हालचालीनं आपोआप किल्ली भरणारं. तर सेल्समननं माझ्यासमोर ट्रे मांडला सगळा हिऱ्यांचा, गुलाबी मोत्याच्या डायलवाला, आतमध्ये बॅटरी. आणि ऑटोमॅटिकची माहिती कुणाला सांगतोय, तर माझ्या नवऱ्याला, ज्याला फोनमध्ये वेळ दिसते तेवढी पुरते! तीनदा सांगितलं मला घ्यायचंय, तीनदा "हो मॅडम, लेडीज कलेक्शन हेच." उठून आलो. लेडीज-जेंट्स पाटी बघूच नका, मापं बघा.

आणि माप म्हणजे नुसतं डायलचं नाही. घरी दोरा घ्या, मनगटाला गुंडाळा, पट्टीवर मोजा. माझं मनगट साडेचौदा सेंटिमीटर. ३९, ४० मिलिमीटरचं घड्याळ फोटोत सुंदर दिसतं, पण पट्टा जिथं अडकतो ते वरचे-खालचे कान मनगटाच्या कडेबाहेर गेले की ते हातावर ताटलीसारखं बसतं, कितीही भारी कंपनीचं असू दे. म्हणून ह्या कानापासून त्या कानापर्यंतची लांबी विचारायची, वेबसाइटवर नसली तर दुकानात पट्टी लावून मोजायची, लाजायचं नाही. जाडीसुद्धा बघा, शर्टाच्या बाहीत जात नसेल तर महिन्याभरात वैताग येतो. मला तर १२ मिलिमीटरच्या वरचं काहीच झेपलं नाही.

आता सगळ्यात जास्त विचारलं जाणारं, इतकं महाग घड्याळ वेळ तरी बरोबर दाखवतं का. स्पष्ट सांगते, तुमचं दोन हजाराचं बॅटरीचं घड्याळ जास्त बरोबर असतं. त्यातला क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो, त्याच्याशी गिअर आणि स्प्रिंग काय स्पर्धा करणार. १९६९ च्या नाताळात सेकोनं पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विकायला काढलं तिथंच अचूकतेचा विषय संपला. स्विस क्रोनोमीटर म्हणून सर्टिफिकेट मिळतं त्या यंत्रालासुद्धा दिवसाला ४ सेकंद मागं ते ६ सेकंद पुढं एवढी सूट असते, म्हणजे महिन्याला तीन मिनिटं पुढं गेलं तरी ते पास! तेव्हा वेळ बघायची असेल तर पैसे वाचवा. पैसे जातात ते घडणीला, आतल्या यंत्राला, फिनिशिंगला आणि हो, नावाला पण. नावाचे पैसे देऊ नका असं मी म्हणणार नाही, पैठणी घेताना आपण काय करतो? फक्त कशाचे किती देतोय हे आपल्याला माहीत पाहिजे.

बरं, हिशोबाचं. इथं मी माझ्या धंद्यावर येते, सॉरी.

घड्याळ ही इन्व्हेस्टमेंट नाही. रोलेक्सची दोन-चार मॉडेल्स बाजारात जास्त किमतीला विकली जातात हे खरं, पण ती मॉडेल्स तुम्हाला पहिल्या फेरीत कुणी देणारच नाही, यादीत नाव घालतात आणि मग तुम्ही दुकानात दुसरं काही घेताय का ते बघत बसतात. बाकी बहुतेक घड्याळं दुकानाच्या दाराबाहेर पडली की गाडीसारखी उतरतात. खर्च म्हणून मांडा आणि सर्व्हिसिंगसकट मांडा, हे कुणीच करत नाही. आतलं तेल सुकतं, पाच-सात वर्षांनी उघडून साफ करून परत जोडावंच लागतं. मी घ्यायच्या आधी विचारलं तर वीस हजाराच्या आसपास सांगितलं, वर कोल्हापुरातून पाठवायचं, काही आठवडे थांबायचं. म्हणजे वर्षाला तीन-चार हजार नुसतं ते चालतं ठेवायला. माझी कसोटी हीच आहे, हे वीस हजार भरताना जीव जळणार असेल तर ते घड्याळ तुमच्या ऐपतीच्या वर आहे, एक पायरी खाली उतरा. ईएमआय काढून तर अजिबात नको, नो कॉस्ट म्हणतात पण प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी गुपचूप लागतोच.

दोन लाखाच्या वर गेलं की पॅन मागतात आणि तेवढी कॅश घेत नाहीत. १० लाखाच्या वर असेल तर २२ एप्रिल २०२५ पासून दुकानदार १ टक्का टीसीएस (बिलासोबतच घेतलेला आगाऊ आयकर) घेतो, तो रिटर्नमध्ये क्रेडिट मिळतो, घाबरायचं कारण नाही. एकानं तर मला विचारलं, मॅडम फर्मच्या नावावर बिल केलं तर १८ टक्के जीएसटीचं क्रेडिट मिळेल ना? स्वतःच्या हातात घालायच्या वस्तूवर कसलं क्रेडिट, अरे तू सीए आहेस!

दुबईवरून आणू का, हेही विचारतात. आणा, पण ड्युटी न भरता आणायच्या मर्यादेच्या वर असेल तर डिक्लेअर करून ड्युटी भरा, "हातात घालून आलं की कोण विचारतंय" हे सांगणारा विमानतळावर तुमच्या शेजारी उभा नसतो. आणि स्वित्झर्लंडबरोबरचा व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला म्हणून आता घड्याळं स्वस्त होतील, थांबू का, तर ती ड्युटी एका दमात जात नाही, काही वर्षांत टप्प्याटप्प्यानं कमी होणार, तेवढ्यात कंपन्या स्वतःच्या किमती वाढवणार नाहीत असं थोडंच आहे. मला तरी थांबण्यात अर्थ वाटत नाही.

सेकंडहँड? ओळखीचा, कागद-डबा-बिल असलेला आणि सिरियल नंबर तपासून देणारा असेल तर जरूर. पण ऑनलाइन तीन-चार हजारात चकचकीत नव्या रंगाच्या डायलचं जुनं एचएमटी किंवा फावर ल्यूबा दिसलं तर हात आवरा. डायल परत रंगवलेली असते, काटे एकाचे, यंत्र दुसऱ्याचं. जगभरातले संग्राहक असल्या घड्याळांना मुंबई स्पेशल म्हणतात, आपल्या शहराचं नाव निघालंय ते असं.

पाण्याचं सांगायचं राहिलं. ३० मीटर लिहिलंय म्हणजे ते घालून ३० मीटर खाली जायचं नाही, हात धुताना शिंतोडे उडाले तर चालतंय एवढाच त्याचा अर्थ. मी जुलैच्या पावसात ताराराणी चौकातून अॅक्टिव्हावर ऑफिस गाठते, मला १०० मीटर आणि स्क्रूसारखी फिरवून घट्ट बसणारी किल्ली पाहिजेच होती. तुम्ही एसीतून एसीत जाणारे असाल तर ३० वाल्यानं काही बिघडत नाही.

तर शेवटी मी घेतलं लाँजिन्सचं स्पिरिट, ३७ मिलिमीटर, दोन लाखाच्या थोडं वर. मन तर जेजर लकूल्टच्या रिव्हर्सोवर होतं, १९३१ चं डिझाइन, भारतात पोलो खेळणाऱ्या इंग्रजांच्या घड्याळांच्या काचा फुटायच्या म्हणून डबीच उलटी फिरवता येईल असं केलेलं. दुकानात तीनदा ती डबी उलटी-सुलटी करून बघितली, किंमत ऐकली, माझी सर्व्हिसिंगची कसोटी आठवली आणि परत ठेवलं. स्पिरिट घ्यायचं कारण साधं, साडेचौदा सेंटिमीटरवर बसलं, शनिवारी दुपारी काढून ठेवलं तर सोमवारी सकाळी चालूच असतं कारण एकदा भरलं की ७२ तास जातं, आणि आतली स्प्रिंग सिलिकॉनची, स्पीकर-बिकरचं भय नाही. डायलवर पाच बारके तारे आहेत. धाकटा म्हणाला, आई कंपनीनं स्वतःलाच फाइव्ह स्टार रेटिंग दिलंय.

पहिला महिना मी ते कपाटातच ठेवलं, खरं सांगते. लग्नाला, बँकेच्या मीटिंगला, बास. मग एक दिवस अण्णांनी विचारलं, "घेतलंस ना ते, बंद पडलं काय?" म्हणलं नाही, जपून ठेवलंय. त्यांनी आपला हात पुढं केला. सी किंगच्या काचेवर इतक्या रेघा होत्या की बारा कुठं आहेत ते अंदाजानंच कळायचं. काही बोलले नाहीत, चहा घ्यायला गेले. दुसऱ्या दिवसापासून रोज घालते. आठवड्यातच गोदरेजच्या कपाटाच्या कडेला घासलं, सहाच्या बाजूला ओरखडा आला, बारीक आहे पण मला दिसतो. दोन दिवस नवऱ्याशी विनाकारण भांडले.

परवाच माझ्याकडच्या एका जुन्या आर्टिकल पोरीचा मुंबईवरून फोन. "मॅडम, दोऱ्यानं मोजलं, साडेतेरा भरलं, टिसॉटचं पीआरएक्स ३५ बघून ठेवलंय, साठेक हजाराचं बजेट काढलंय, पण सगळे म्हणतात थांब अजून दोन वर्षं आणि ओमेगाच घे." म्हणलं, दिवाळीला येणारेस ना, तेव्हा घरी ये, माझं दिवसभर घालून फिर, भांडी घास, गाडी चालव, मग ठरव. तर म्हणते, "भांडी घासताना ओरखडा आला तर?"

म्हणलं, जागा आहे अजून, सहाच्या बाजूलाच आहे पहिला.