डबा अपडेट: मऊ भाकरीचा नाद सोडला, आता कडक भाकरी

मंडळी, बरेच दिवस काही टाकलं नाही कारण भाकरीपाशीच गाडं अडलं होतं. बाकी रविवारची तयारी मस्त रुळलीये. कांदा-खोबऱ्याचं वाटण बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवायचं ते तर आता डोळे झाकून होतं, सकाळी दोन क्यूब कढईत, त्यावर मोड आलेली मटकी, झाकण, मंद गॅस, आणि माझी आंघोळ होईपर्यंत उसळ तयार. मेथी शनिवारी रात्री मॅच बघत निवडायची आणि न धुता कोरड्या पंचात गुंडाळून फ्रिजमध्ये, बुधवारपर्यंत टवटवीत राहते. सव्वासातची डोंबिवली लोकल पकडून हे सगळं जमतं म्हणजे जमतं, कुणी मला वेळ नाही सांगू नये आता!!

पण भाकरी. गरम असताना अशी टम्म फुगलेली, पापुद्रा सुटलेली, आणि दुपारी दीडला डबा उघडला की चपलेचा तळ. पोळी न्यावी तर तो सोपा मार्ग आहेच, पण मला ज्वारीच हवीये, १०० ग्रॅम ज्वारीत साधारण १० ग्रॅम प्रथिनं आणि जवळपास तेवढाच फायबर, शिवाय खाऊन चार वाजता पेंग येत नाही (हा माझा अनुभव, भांडू नका).

मागच्या वेळी दुपारी भाकरी कडक होते असं टाकलं तेव्हा बऱ्याच जणांनी लिहिलं होतं की पीठ जुनं असेल, विरी (पिठाचा चिकटपणा) गेली असेल. ते आधी निकालात काढलं. पाकिटातलं पीठ बंदच केलं, एका ऑनलाइन दुकानाचं पीठ तर थापतानाच कडेने फुटायचं, म्हणून आता मालदांडी ज्वारी आणून आठवड्यापुरतीच दळतो. गिरणीवाल्याला दर वेळी सांगावं लागतं, काका ज्वारीवरच ज्वारी घाला, आणि ते दर वेळी असं बघतात की मी त्यांची गिरणीच मागतोय. ताज्या पिठाने थापणं सुधारलं, काठ फाटायचे थांबले, पण दुपारचा कडकपणा जैसे थे.

मग उकड. उकळत्या पाण्यात पीठ घालून झाकून ठेवायचं आणि कोमट असताना मळायचं. ज्वारीत ग्लूटेन नाही त्यामुळे पिठाला धरून ठेवायला काहीच नसतं, उकळत्या पाण्याने थोडा स्टार्च आधीच शिजून चिकट होतो आणि तोच धरून ठेवतो. याने खरंच फरक पडला, अकरापर्यंत भाकरी दुमडता येते. पण मी अकराला जेवत नाही ना.

हॉटपॉट पण करून पाहिला. वाफ झाकणाला लागून खाली गळते, वरची भाकरी गिचकी आणि खालची कडक, दोन्हीकडून वाट. त्यापेक्षा सुती फडका बरा आणि फुकटही. फ्रिजचं तर नावच काढू नका. शिजलेला स्टार्च गार होताना परत घट्ट रचना धरतो आणि हे फ्रिजच्या तापमानाला सगळ्यात वेगाने होतं, फ्रीजरमध्ये मात्र जवळजवळ थांबतं. म्हणून मधे बटर पेपर घालून भाकऱ्या फ्रीजरमध्ये ठेवल्या, सकाळी पाणी शिंपडून तव्यावर, एकदम ताज्यासारख्या! आणि दीडला परत तेच. ऑफिसच्या मायक्रोवेव्हमध्ये ओला नॅपकिन गुंडाळून वीस सेकंद केलं की मऊ होते, पण पाच मिनिटांत खाऊन संपवावी लागते, नाहीतर आधीपेक्षा वाईट. त्यात मायक्रोवेव्हला रांग, आणि पुढचा माणूस हमखास मासे गरम करत असतो.

हे सगळं शेजारच्या काकूंना ऐकवत होतो. काकू मूळच्या मंगळवेढ्याच्या, जिथल्या ज्वारीला जीआय (भौगोलिक मानांकन) आहे तेच. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अरे मग कडकच कर की, आमच्याकडे महिनाभर टिकते."

डोक्यात लख्ख प्रकाश. कडक भाकरी! सोलापूरला पाकिटात विकतात की, शेंगाचटणीबरोबर. पूर्वी चुलीच्या उबेला उभी करून वाळवायचे. पाणीच काढून टाकलं तर स्टार्चला घट्ट व्हायला काही उरतच नाही. मी मऊ ठेवायच्या मागे लागलो होतो आणि त्यांनी तो प्रश्नच रद्द करून टाकला!

तर या रविवारी पहिली बॅच. पीठ उकडीचंच, पातळ थापली, नेहमीसारखी भाजली, मग मंद आचेवर लोखंडी तव्यावर फडक्याने दाबत दाबत. काठ कुरकुरीत, मधे चिवट. उरलेल्या भाकऱ्या ओटीजीमध्ये (छोट्या ओव्हनमध्ये) १०० डिग्रीला जाळीवर ठेवल्या, आणि काय सांगू, कट्ट असा आवाज! सोमवारी मटकीच्या रश्श्यात चुरून खाल्ली, वर कच्चा कांदा आणि लिंबू, शेजारच्या टेबलावरचे दोघे वाटेकरी झाले. सकाळची वीस-पंचवीस मिनिटं वाचली ती वेगळीच, परात नाही, ओट्यावर सांडलेलं पीठ नाही.

धोका एकच, सादळण्याचा. आमच्याकडच्या हवेत जूनपासून सगळंच सादळतं, म्हणून घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा घेतलाय, प्लॅस्टिकवर माझा विश्वास नाही. सादळली तर परत ओटीजीत दहा मिनिटं, बघू. बाजरीचा पण विचार होता पण बाजरीचं पीठ लवकर कडू होतं, साठवणीच्या कामात ती नको, हिवाळ्यात ताजीच खाऊ.

आणि हे लिहिता लिहिता सुचलं, मोठ्या भाकऱ्या तोडून डब्यात कोंबण्यापेक्षा डब्याच्याच मापाच्या छोट्या का थापू नयेत? त्या मधे चिवट पण राहणार नाहीत बहुतेक. वरून तीळ लावून. म्हणजे पुढच्या रविवारी सगळ्या छोट्याच.

ओटीजीशिवाय फक्त तव्यावर मधला भाग वाळवणारं कुणी आहे का इथे, खासकरून सोलापूर-पंढरपूरकडचं? आच किती ठेवता आणि दाबायला काय वापरता ते जरा सविस्तर टाका. काकूंना विचारलं तर "अंदाजानं" म्हणतात.