तुम्ही विचारलंत म्हणून : गोळी लागलेले पेशंट किती पाहिलेस?

पुण्याच्या एएफएमसीतून, म्हणजे सैन्यदलांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून, एमबीबीएस करून इंटर्नशिपसाठी मी कुलाब्याच्या ‘अश्विनी’ या नौदलाच्या रुग्णालयात आले, तेव्हापासून हा प्रश्न ऐकते आहे. लग्नाच्या पंगतीत, लोकलमध्ये, गिरगावातल्या आमच्या चाळीच्या गॅलरीत. “मिलिटरी हॉस्पिटल ना? मग गोळी लागलेले किती पाहिलेस?” एकही नाही. एवढं म्हटलं की समोरच्याचा चेहरा पडतो, विषय बदलतो आणि मला जे सांगायचं असतं ते राहून जातं. म्हणून आज सविस्तर लिहिते.

आयएनएचएस अश्विनी या नावातलं ‘आयएनएचएस’ म्हणजे इंडियन नेव्हल हॉस्पिटल शिप; शेवटचा ‘एस’ शिपचा. समुद्रालगत जमिनीवर उभं असलेलं हे रुग्णालय नौदलाच्या लेखी जहाजच आहे. गेटबाहेर जायचं तर ‘अशोर’, म्हणजे किनाऱ्यावर, जायचं. नाव देवांच्या वैद्यांचं, अश्विनीकुमारांचं.

आपल्याकडे माणूस डॉक्टरकडे जातो तो दुखणं सांगायला. इथले तरुण पेशंट मात्र दुखणं लपवण्यात पटाईत. काही विचारा, उत्तर एकच: “ठीक हूँ, मॅडम.” कारण इथे डॉक्टरच्या हातात औषधाबरोबर आणखी एक गोष्ट असते, कॅटेगरी, म्हणजे तब्येतीवरून ठरणारी श्रेणी. ती खाली आली की जहाजावरची नेमणूक जाऊ शकते, समुद्रावरचा भत्ता जाऊ शकतो, बढतीही अडू शकते. जहाजावर जायला धडधाकट माणूसच हवा, हे मलाही पटतं. भर समुद्रात एकाला काही झालं तर त्याचा भार बाकीच्यांवर पडतो. पण ज्याच्याकडे खरं बोलायचं त्याच्याच सहीने पोट अडणार असेल, तर खरं बोलवेल कसं?

एका पाणबुड्याचा खांदा दुखत होता. व्यायामाने आखडला असेल, असं तो म्हणाला. खोल पाण्यात दाबामुळे नायट्रोजन रक्तात, पेशींत विरघळतो आणि घाईने वर आलं की त्याचे बुडबुडे होतात, बऱ्याचदा सांध्यांतच दुखतं. त्यावर उपाय म्हणजे पोलादी चेंबरमध्ये पुन्हा दाबाखाली नेऊन शुद्ध ऑक्सिजन देणं. या उपचाराचा नेहमीचा तक्ता पाळला तर पावणेपाच तास. व्यायामाचं कारण खरं मानून त्याला वेदनाशामक गोळी दिली असती तर? त्या विचाराने मला रात्री झोप आली नाही.

पण मनात घर करून बसला तो दुसराच. इंजिनरूममधला नाविक, कोकणातला (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). नेहमीच्या तपासणीत ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची चाचणी, होती. काचेच्या बूथमध्ये कानाला हेडफोन लावून बसायचं, आवाज आला की बटण दाबायचं. त्याने प्रत्येक वेळी अचूक दाबलं. मी ‘नॉर्मल’ लिहायला पेन उघडलं, तेवढ्यात आमच्या सर्जन कमांडर मॅडम म्हणाल्या, “खुर्ची फिरवा त्याची.” तो आवाज ऐकत नव्हता, काचेतून टेक्निशियनचा हात पाहत होता. पाठ करून बसवल्यावर ऐकण्याचा आलेख ४००० हर्ट्झला, म्हणजे उंच पट्टीच्या आवाजांशी, खड्ड्यात गेला. सततच्या गोंगाटाने कान जातो तो असाच, त्या ठिकाणापासून. आतल्या केसासारख्या पेशी एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत. आधी ‘स’, ‘फ’, ‘थ’सारखे बारीक आवाज निसटतात. माणूस बोलतोय हे ऐकू येतं, काय बोलतोय ते कळत नाही.

मला त्याचा राग आला होता. फसवलं म्हणून. बाहेर आल्यावर तो हळूच मराठीत म्हणाला, “मॅडम, कॅटेगरी जाईल का हो? घराचं कर्ज आहे.” राग तिथेच विरला. खोटं बोलायची मला काहीच गरज नव्हती. माझ्या खालून कुणी जहाज काढून घेणार नव्हतं.

वॉर्डात म्हातारे जवानही असायचे. साताऱ्याकडचे एक आजोबा गावाचं नाव सांगताना ‘अपशिंगे मिलिटरी’ असं पूर्ण म्हणायचे. पहिल्या महायुद्धात त्यांच्या गावचे ४६ जण कामी आले, हा आकडा त्यांच्या तोंडपाठ. स्वतःच्या साखरेचा आकडा विचारला की मात्र पुन्हा तेच, “ठीक आहे, मॅडम.” तीस वर्षं अंगवळणी पडलेलं उत्तर पेन्शनीबरोबर सुटत नाही. मग मी त्यांच्या पत्नीला, आजींना, विचारायला लागले. त्या सगळं सांगायच्या, रात्री किती वेळा उठतात, चहात चोरून साखर किती घालतात, सगळं.

तीच युक्ती मी नाविकाच्या बाबतीत वापरली. त्याच्या परवानगीने, त्याच्यासमोर, त्याच्या आईला फोन लावला. ऐकण्यात फरक कधीपासून जाणवतो, असं विचारलं. ती माउली थोडा वेळ गप्पच राहिली. मग म्हणाली, “गणपतीपासून त्याच्याशी फोनवर ओरडून बोलावं लागतंय. मला वाटलं, आमच्याकडे रेंज नाही.”

फोन स्पीकरवर होता. तो माझ्या तोंडाकडे बघत होता, आई काय म्हणाली ते मी सांगेन म्हणून.