चष्मा नेहमी तिरकाच

दादरला एका इमेजिंग सेंटरमध्ये मी एक्सरे टेक्निशियन आहे, जास्त करून दातांचंच काम, ओपीजी (सगळे दात आणि जबडे एका फोटोत) आणि लॅटरल सेफ. सेफ म्हणजे ब्रेसेस लावायच्या आधी डोक्याचा बाजूने काढतात तो फोटो. दोन्ही कानांच्या भोकात प्लॅस्टिकचे रॉड घालून डोकं पकडायचं, आणि कानाच्या भोकाच्या वरच्या कडेपासून डोळ्याच्या खोबणीच्या खालच्या कडेपर्यंतची रेघ जमिनीला समांतर करायची. हीच फ्रँकफर्ट लाइन. 1880 च्या दशकात जर्मनीत कवट्या मोजणाऱ्या लोकांनी फ्रँकफर्टला ठरवली, सगळ्या कवट्या एकसारख्या ठेवून मोजता याव्यात म्हणून. कवटीला काय, ठेवाल तशी बसते.

तर शनिवारी एक सोळा-सतरा वर्षांची मुलगी परत आली, आई सोबत, डोंबिवलीहून. दोन दिवसांपूर्वी मीच तिचा सेफ काढला होता आणि डॉक्टर मॅडमनी तो परत पाठवला होता, कारण खालच्या जबड्याच्या कडा दोन दिसत होत्या, एकाखाली एक. थोड्या दोन दिसतातच, फिल्मपासून लांबची बाजू मोठी येते ना, पण ह्या एकमेकींपासून चांगल्या चार मिलिमीटर लांब होत्या. मॅडमना जबड्याचा फ्रँकफर्ट लाइनशी कोन हवा होता, साधारण 25 अंश नॉर्मल धरतात, आता दोनातली कुठली कड धरणार? फोनवर म्हणाल्या, "पोझिशनिंग चुकलंय तुझं." राग आला, पण म्हटलं घेऊ परत. रॉड नीट घातले, लेझरची रेघ बघितली, दात मिटायला लावले, फोटो काढला. परत दोन कडा!

काकू लगेच, "अहो, अजून किती वेळा रेडिएशन देणार तिला?" डोस कमी असतो वगैरे सांगितलं मी, पण त्यांचंही बरोबरच होतं, मला स्वतःलाच लाज वाटत होती.

मग लक्ष गेलं ट्रेकडे. फोटोआधी कानातले, क्लिपा, चष्मा सगळं काढून ट्रेमध्ये ठेवायला सांगतो आम्ही. तिचा चष्मा काड्या उघड्या ठेवून पडला होता आणि एक काडी टेकलेली, दुसरी पेन्सिलभर वर. विचारलं, चष्म्यावर बसलीस का गं कधी? ती म्हणाली, "नाही ओ दादा, चष्मेवाले काकाच वाकवून देतात, नाहीतर नाकावर तिरका बसतो." काकू म्हणाल्या, पहिल्या चष्म्यापासून असंच आहे.

तिला समोर उभं केलं आणि पट्टी धरली. डावा कान उजव्यापेक्षा चक्क खाली! रॉड दोन्ही एकाच उंचीवर, म्हणजे मशीन तिचे कान सरळ करत होतं आणि डोकं तिरकं, म्हणून जबड्याच्या दोन कडा वरखाली येत होत्या. मी बाजूची रेघ बघत बसलो, समोरून तिचे डोळे एका लेव्हलला आहेत का हे बघायचंच राहिलं. कोर्समध्ये शिकवलेलं असतं हो सगळं, पण दिवसाला वीस-पंचवीस पेशंट झाले की हात आपोआप चालतात.

मॅडमना फोन लावला. क्षणभर गप्प, मग म्हणाल्या, "रॉड सोड, आरसा लाव, नॅचरल हेड पोझिशनला काढ." म्हणजे डोकं सहज जसं राहतं तसंच ठेवून. बेसिनवरचा आरसा काढून भिंतीला टेपने चिकटवला, फिल्मसमोर एक बारीक साखळी लोंबती सोडली, म्हणजे फोटोत खरी उभी रेघ येते, आणि तिला सांगितलं स्वतःच्या डोळ्यांत बघ, दोनदा मान खालीवर कर आणि थांब. रॉड फक्त कानापाशी आणून ठेवले, आत नाही. समोरून तीनदा बघितलं, मग बटण दाबलं.

कडा जवळजवळ एकावर एक. साखळीच्या हिशोबाने तिची फ्रँकफर्ट लाइनसुद्धा आडवी नव्हतीच, चारेक अंश कललेली, आणि तसं तर बऱ्याच जणांचं असतं.

मॅडमचा मेसेज आला, "हा चालेल." बस, एवढंच. मालकांनी रजिस्टरमध्ये दोन्ही रीटेक माझ्या नावावर लिहिले. लिहू देत, पहिला तसाही माझाच होता.